अज्ञात उडत्या वस्तूंचा शास्त्रीय अभ्यास : नेमके अडते कुठे?

दीर्घिका (धागालेखक)

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन वैमानिक वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियरच्या परिसरात आपले छोटे विमान चालवत असताना त्याला नऊ चकाकत्या वस्तू एका रांगेत वेगाने जाताना दिसल्या. त्यानंतर वर्तमानपत्रांनी 'उडत्या तबकड्या' हे नाव रूढ केले, तो भाग बहुतेकांना ठाऊक आहे. अर्नोल्डने त्या वेळी मांडलेला हिशेब मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म त्या हिशेबातच आहे. माउंट रेनियरपासून माउंट ॲडम्सपर्यंत जायला त्या वस्तूंना किती वेळ लागतो, हे त्याने विमानातील घड्याळावर पाहिले. तो १ मिनिट ४२ सेकंद भरला. दोन शिखरांमधील अंतर सुमारे ७५ किलोमीटर धरले, तर वेग ताशी २,६०० किलोमीटरच्या वर जातो, आणि एवढा वेग तेव्हाच्या कोणत्याही विमानाच्या आवाक्यात नव्हता. गणितात चूक नाही. मात्र त्या वस्तू शिखरांच्या रांगेत, म्हणजे त्याच्यापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर होत्या, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. एका उपशिखराच्या आड त्या क्षणभर गेल्याचे त्याने सांगितले होते आणि अंतराचा सारा डोलारा मुख्यतः त्या एका निरीक्षणावर उभा आहे. अंतर एक-दशांश निघाले, तर वेगही ढोबळमानाने एक-दशांशावर येतो आणि मग प्रश्नच वेगळा होतो.

आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या अनोळखी वस्तूची दिशा आणि तिचा कोनीय आकार आपल्याला कळतो; अंतर कळत नाही. दोन डोळ्यांमध्ये जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे काही शे मीटरांपलीकडे त्यांच्या जोडीचा खोली जोखायला उपयोग उरत नाही. त्यापुढे आपण ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून अंतर ताडतो, आणि इथे तर वस्तूच अनोळखी असते. अंतर नाही म्हणून आकार नाही, आकार आणि अंतर नाही म्हणून वेग नाही, वेग नाही म्हणून त्वरण नाही. 'प्रचंड मोठी', 'अतिशय वेगवान', 'क्षणात काटकोनात वळली' ही सारी वर्णने या न मोजलेल्या एका राशीवर अवलंबून असतात.

याचे अलीकडचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन नौदलाच्या विमानातून २०१५ मध्ये टिपलेली आणि संरक्षण खात्याने एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे खुली केलेली 'गोफास्ट' नावाची चित्रफीत. समुद्राच्या पृष्ठभागाला जणू घासत एक लहानसा ठिपका भन्नाट वेगाने जात आहे, असे ती पाहणाऱ्याला वाटते. सुदैवाने पडद्यावर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि लक्ष्यापर्यंतचे अंतर हे आकडे दिसतात. विमान २५,००० फुटांवर, कॅमेरा सुमारे ३५ अंश खाली झुकलेला, लक्ष्य सुमारे ३.४ सागरी मैलांवर. शाळेतील त्रिकोणमिती लावली की वस्तू समुद्रालगत नसून साधारण १३,००० फुटांवर असल्याचे निघते. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने हाच हिशेब पुढे नेला आणि २२ सेकंदांत वस्तू सुमारे ३९० मीटर सरकली, म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास होता, असे दाखवले. वाऱ्याबरोबर वाहणारी कोणतीही वस्तू त्या उंचीवर एवढ्या वेगाने जाऊ शकते. भन्नाट वेग दिसला तो लंबनामुळे, म्हणजे निरीक्षक स्वतःच वेगाने जात असल्यामुळे. वस्तू कोणती होती हे आजही निश्चित सांगता येत नाही, पण तिच्यात असामान्य असे काही उरत नाही. 'अनोळखी' आणि 'असामान्य' या दोन गोष्टींची गल्लत या विषयात सतत होते.

गेल्या पाऊणशे वर्षांत अभ्यास झाला नाही असे नाही. अमेरिकन हवाई दलाने साइन, ग्रज आणि ब्लू बुक असे एकामागोमाग तीन प्रकल्प चालवले. १९६९ मध्ये तिसरा बंद झाला तेव्हा एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनोळखी राहिल्या होत्या. फ्रान्सच्या अवकाश संस्थेने १९७७ पासून आपल्याकडे एक विभाग ठेवला असून आरंभी गेपान म्हणून ओळखला जाणारा तो विभाग आज गेइपान या नावाने काम करतो आणि आपले दप्तर लोकांना खुले करतो. २०२१ च्या अमेरिकन गुप्तवार्ता अहवालात १४४ प्रकरणे होती आणि त्यांतल्या फक्त एकाचा, हवा जाणाऱ्या एका मोठ्या फुग्याचा, खात्रीने उलगडा झाला होता. या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे: आधी कोणाला तरी काही दिसले आणि मग शास्त्रज्ञाला बोलावले गेले. माझे म्हणणे असे की ही पद्धत कितीही प्रामाणिकपणे राबवली तरी तिच्यातून निर्णायक उत्तर निघणार नाही, कारण जी राशी मोजली गेलीच नाही ती नंतरच्या चौकशीतून परत मिळवता येत नाही. जाणकारांनी यावर आपले मत मांडावे.

शंकेखोर

लेख विचारपूर्वक लिहिलेला आहे, तरी दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा की आपण फक्त डोळ्यांविषयी बोलत आहात. रडार अंतर मोजते. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टन शहरावर सलग दोन शनिवार-रविवारच्या रात्री रडारवर ठिपके आले आणि काही वैमानिकांना दिवेही दिसले. नोव्हेंबर २००४ मध्ये निमित्झ या विमानवाहू नौकेच्या ताफ्यातील प्रिन्स्टन युद्धनौकेच्या रडारवर वस्तू दिसल्या, त्यानंतर नौदलाचे वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसाउजेडी एक पांढरी, लांबट वस्तू डोळ्यांनी पाहिली आणि पुढच्या उड्डाणात ती अवरक्त कॅमेऱ्यात टिपली गेली. दुसरा आक्षेप असा की लढाऊ विमानाचे अनुभवी वैमानिक आणि रस्त्याने चाललेला माणूस यांच्या साक्षीला एकाच मापाने तोलणे मला पटत नाही.

दीर्घिका (धागालेखक)

रडारच्या मुद्द्याबद्दल आभार, तो मूळ लेखात यायला हवा होता. रडार खरे तर वेळ मोजते आणि लहरी सरळ रेषेत गेल्या असे मानून त्या वेळेचे अंतरात रूपांतर करते. जमिनीलगत थंड आणि त्यावर उष्ण हवेचा थर आला की लहरी वाकतात, आणि जमिनीवरच्याच वस्तूंचे प्रतिध्वनी आकाशात हलत असल्यासारखे पडद्यावर उमटतात. वॉशिंग्टनमध्ये त्या रात्री असे थर होते आणि हवाई दलाने तेच स्पष्टीकरण दिले. सर्वांना ते पटले नाही. वातावरणशास्त्रज्ञ जेम्स मॅक्डोनाल्ड यांनी ते थर पुरेसे तीव्र नव्हते, असा आक्षेप पुढे घेतला. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो निदान मोजता येणाऱ्या गोष्टीविषयी आहे.

निमित्झची गोष्ट वेगळी आहे. तेथे साक्षी तपशीलवार आणि परस्परांशी बऱ्याच जुळणाऱ्या आहेत, परंतु रडारच्या मूळ नोंदी अभ्यासकांसाठी उपलब्ध नाहीत. जी चित्रफीत उपलब्ध आहे ती नंतरच्या उड्डाणातील आहे, आणि तिच्यात दिसलेली वस्तू फ्रेव्हर यांनी पाहिलेलीच होती, हे त्या चित्रफितीवरून सिद्ध होत नाही. म्हणून मी ते प्रकरण उलगडलेले मानत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरत नाही.

साक्षीदारांच्या दर्जाविषयी ॲलन हायनेक यांचा दाखला देतो. हे खगोलशास्त्रज्ञ सुमारे दोन दशके हवाई दलाचे सल्लागार होते, आरंभी कडवे शंकेखोर (आपल्या नावाचा अधिक्षेप नाही) आणि पुढे या विषयाच्या गंभीर अभ्यासाचे पुरस्कर्ते. अशा माणसानेही वैमानिक हे तुलनेने कच्चे साक्षीदार ठरतात, असे नोंदवले. याला एक समजण्यासारखे कारण आहे. समोरची वस्तू आपल्यावर आदळेल का, हा वैमानिकासाठी पहिला प्रश्न असतो आणि ती जवळ आहे असे मानून वागण्यातच त्याचे प्राण वाचतात.

तिमिरभेदी

साक्षीविषयी बोलणे निघालेच आहे, तर ३ मार्च १९६८ च्या रात्रीचा उल्लेख व्हायलाच हवा, कारण एका अर्थाने तो निसर्गाने घेतलेला प्रयोग होता. सोव्हिएत झोंड ४ मोहिमेचे अवशेष त्या रात्री वातावरणात शिरून अमेरिकेच्या अनेक राज्यांवरून जळत गेले. शंभरेक किलोमीटर उंचीवरचे जळते तुकडे, एवढाच तो देखावा होता. बहुतेकांनी जळत्या तुकड्यांची रांग असेच त्याचे वर्णन केले, पण काहींनी चिरुटाच्या आकाराचे एकसंध यान पाहिले, त्याला उजळलेल्या चौकोनी खिडक्या पाहिल्या, पत्रे रिव्हेटने जोडल्यासारखे दिसल्याचे सांगितले आणि ते झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवरून गेल्याचे लिहून दिले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. अंधारात एकाच गतीने सरकणारे सुटे दिवे दिसले की मेंदू त्यांच्या मधली जागा आपणहून भरून काढतो आणि दिव्यांना खिडक्या ठरवतो. हवाई दलाने कॉलोराडो विद्यापीठाकडून करवून घेतलेल्या अभ्यासाच्या अहवालात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी या साक्षींचे केलेले विश्लेषण, अहवालाच्या बाकी भागाविषयी कोणाचे काहीही मत असले तरी, वाचण्यासारखे आहे.

यातून निघणारा अडचणीचा प्रश्न असा की अवशेषांची नोंद हाती नसती, तर खिडक्यांचे वर्णन करणारी साक्ष आपण 'उत्तम दर्जाची' म्हणून वेगळी काढली असती. तपशील जितके अधिक, तितकी साक्ष वजनदार, हा आपला नेहमीचा निकष इथे नेमका उलटा पडतो.

भारतातलेही एक प्रकरण आहे. २०१२-१३ च्या सुमारास लडाखमधील सैन्याच्या तुकड्यांनी सीमेवरच्या आकाशात सरकणारे दिवे अनेकदा नोंदवले आणि ती परकी टेहळणी असल्याची शंका घेतली गेली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी पाहणी करून ते गुरू आणि शुक्र असल्याचे सांगितले.

सांख्यिक

मला वेगळ्या बाजूने लिहायचे आहे. न उलगडलेल्या प्रकरणांचे प्रमाण हा या विषयातला सर्वांत लाडका आणि सर्वांत फसवा आकडा आहे.

हवाई दलासाठी बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटने केलेला आणि १९५५ मध्ये 'विशेष अहवाल क्रमांक १४' म्हणून प्रसिद्ध झालेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात तीन हजारांहून अधिक नोंदींचे वर्गीकरण होते आणि सुमारे पाचवा हिस्सा 'अज्ञात' ठरला होता. त्याहून लक्षवेधी गोष्ट अशी की 'उत्कृष्ट' दर्जाच्या नोंदींमध्ये अज्ञातांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते, तर 'निकृष्ट' नोंदींमध्ये ते साधारण त्याच्या निम्मे होते. यावरून असा युक्तिवाद होतो की सारा प्रकार गैरसमजांचा असता, तर माहिती सुधारल्यावर अज्ञातांचे प्रमाण घटायला हवे होते.

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण 'अपुरी माहिती' हा तिथला तिसरा कप्पा त्यात विसरला जातो. एखादी नोंद 'अज्ञात' ठरण्यासाठी तिच्यात पुरेसा तपशील असावाच लागतो. तपशील नसलेली नोंद 'अपुरी माहिती' या कप्प्यात जाते. म्हणजे निकृष्ट नोंदींमधील अज्ञातांचे प्रमाण वर्गीकरणाच्या नियमामुळेच खाली ओढले जाते. शिवाय 'उत्कृष्ट' हा दर्जा ठरवताना साक्षीदाराची विश्वासार्हता आणि कथनातील सुसंगती यांना वजन होते, आणि तिमिरभेदी यांनी सांगितलेले झोंडचे उदाहरण पाहिले की त्या वजनाचे काय करावे हे कळत नाही. उपकरणाने मोजलेले अंतर हा त्या प्रतवारीचा पाया असता, तर त्या आकड्यांना मी बराच मान दिला असता.

गेइपानची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. तेथे खात्रीने उलगडलेली ए, बहुधा उलगडलेली बी, माहितीअभावी सोडलेली सी आणि पुरेशी माहिती असूनही न उलगडलेली डी अशा चार श्रेणी आहेत. अलीकडच्या आकडेवारीत डी श्रेणी सुमारे तीन टक्क्यांवर आली आहे, आणि त्यातला काही भाग जुनी प्रकरणे नव्या साधनांनी पुन्हा तपासल्यामुळे कमी झालेला आहे. संशोधकाची साधने बदलली की जी संख्या बदलते, ती आकाशाविषयी कमी आणि संशोधकाविषयी जास्त सांगते.

अर्धवलय

सर्व प्रतिसाद एकाच दिशेने झुकत असल्यामुळे थोडा विरोध नोंदवणे आवश्यक वाटते. आकाशातून दगड पडतात, ही साक्ष अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत विद्वानांनी गावंढळ समजूत म्हणून उडवून लावली होती. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल गावाच्या परिसरात हजारो दगडांचा वर्षाव झाला, झाँ-बातिस्त बियो यांनी तेथे जाऊन साक्षी घेतल्या, दगड कुठे कुठे पडले याचा नकाशा केला आणि प्रश्न बऱ्याच अंशी निकालात निघाला. वादळी ढगांच्या वर क्षणभर चमकणाऱ्या लाल 'स्प्राइट' दिव्यांचेही तसेच. वैमानिक ते सांगत होते. १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांच्या कॅमेऱ्यात ते योगायोगाने टिपले गेले तेव्हा कुठे त्यांच्या अभ्यासाला तोंड फुटले. प्रत्यक्षदर्शींवर असा सरसकट अविश्वास दाखवला असता, तर या दोन्ही गोष्टींना आणखी उशीर झाला असता.

संस्थांच्या वागणुकीविषयीही कोणी बोललेले नाही. एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखालील कॉलोराडो अभ्यासासाठी हवाई दलाने पाच लाख डॉलरांहून अधिक खर्च केला. काम हाती घेण्याआधी, ऑगस्ट १९६६ मध्येच, प्रकल्पाचे समन्वयक रॉबर्ट लो यांनी लिहिलेल्या टिपणात हा अभ्यास लोकांना वस्तुनिष्ठ भासावा पण शास्त्रज्ञांना निष्फळ शोधाचा नमुना वाटावा, अशा आशयाची मांडणी होती. तपासलेल्या प्रकरणांपैकी बराच मोठा भाग उलगडला नसतानाही, पुढे अभ्यास करण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष कॉन्डन यांनी आरंभीच मांडला. अमेरिकन विमानविद्या आणि अंतराळविद्या संस्थेच्या उपसमितीने १९७० मध्ये या विसंगतीवर बोट ठेवले. त्या अहवालाने पुढच्या पिढीतील तरुण संशोधकांसाठी हा विषय जवळजवळ निषिद्ध करून टाकला, हे नुकसान लहान नाही.

दीर्घिका (धागालेखक)

अर्धवलय यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. निष्कर्ष आणि प्रकरणांचा मजकूर यांच्यातील फारकत अहवाल वाचणाऱ्या कोणालाही जाणवते, आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन व थॉर्न्टन पेज यांनी डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकन विज्ञानप्रसारक संघटनेच्या (एएएएस) अधिवेशनात दोन्ही बाजूंना एका व्यासपीठावर आणले, ते मला त्या काळातले सर्वांत निरोगी पाऊल वाटते. तेव्हाही या प्रयत्नाला विरोध झालाच.

उल्कापाषाणांचा दाखला मात्र माझ्याच बाजूने जातो, असे मला वाटते. बियो यांच्या साक्षींना वजन आले ते हाती दगड होते म्हणून, आणि ते दगड लंबवर्तुळाकार पट्ट्यात विखुरले होते म्हणून. स्प्राइट एकदा कॅमेऱ्यात आले, तेव्हा कुठे कॅमेरा रोखायचा हे कळले आणि काही वर्षांतच त्यांच्या नोंदींचा ढीग पडला. साक्षीने शास्त्रज्ञाला दिशा दाखवावी, यात वाद नाही. पाऊणशे वर्षे साक्षीच गोळा होत राहाव्यात आणि दगड मात्र हाती येऊ नये, ही स्थिती वेगळी आहे.

उपकरणे आधी बसवून वाट पाहण्याचे प्रयत्न थोडे आहेत, पण आहेत. नॉर्वेतील हेसडालेन खोऱ्यात १९८१ च्या अखेरीपासून दिवे दिसू लागले, तेव्हा १९८४ च्या हिवाळ्यात अभ्यासकांनी रडार, कॅमेरे आणि चुंबकमापी घेऊन तेथे मुक्काम ठोकला, आणि १९९८ मध्ये तेथे स्वयंचलित केंद्र उभारले गेले. तेथील काही दिवे दूरच्या मोटारींचे किंवा विमानांचे होते, असे नंतर दाखवले गेले. काहींविषयी चर्चा चालू आहे. हार्वर्डचे ॲव्ही लोब यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या गॅलिलिओ प्रकल्पाने पूर्ण आकाशावर नजर ठेवणारे आठ अवरक्त कॅमेरे बसवले. लोब यांच्या इतर विधानांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, पण या कॅमेऱ्यांचे काम नेटके आहे. विमाने स्वतः प्रक्षेपित करत असलेल्या स्थानसंकेतांशी ताडून त्यांनी कॅमेऱ्यांचे अंशांकन केले (म्हणजे त्यांची मापे ज्ञात मापांशी जुळवून घेतली), २०२४ च्या पहिल्या पाच महिन्यांत सुमारे पाच लाख मार्ग नोंदवले आणि चाळणी लावत लावत १४४ मार्ग संदिग्ध म्हणून बाजूला काढले. ते संदिग्ध का राहिले, याचे त्यांनी दिलेले कारण इथे महत्त्वाचे आहे: या वस्तूही बहुधा नेहमीच्याच असाव्यात, पण अंतराचा अंदाज हाती नसल्यामुळे त्यापुढे जाता येत नाही. म्हणजे अर्नोल्डची अडचण अजून तशीच आहे. फक्त आता ती कोणती अडचण आहे हे आधीच ठाऊक असलेल्या लोकांसमोर आहे.

शंकेखोर

मग उपाय सोपा दिसतो. दोन ठिकाणी कॅमेरे लावले, तर अंतर मिळेल ना? मग हे इतकी वर्षे झाले का नाही?

ध्रुवमापी

उल्कांसाठी ते झालेले आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो. फ्रान्समधील फ्रिपॉनसारखी कॅमेऱ्यांची जाळी नेमके हेच करतात आणि एकच उल्का अनेक ठिकाणांहून टिपून तिची उंची, वेग आणि सूर्याभोवतीची कक्षासुद्धा काढतात. आकडे समजून घेऊ. दोन कॅमेऱ्यांमध्ये ५ किलोमीटरचे अंतर आहे आणि वस्तू ५० किलोमीटरवर, त्या रेषेशी साधारण काटकोनात आहे, असे धरा. दोन्हीकडून दिसणाऱ्या दिशांमध्ये सुमारे ५.७ अंशांचा फरक पडेल. कोन मोजण्यात ०.१ अंशाची चूक झाली, तर अंतरात पावणेदोन टक्क्यांची, म्हणजे एक किलोमीटरहून थोडी कमी चूक येईल, आणि वस्तू विमानाएवढी की फुग्याएवढी हे सांगायला एवढी अचूकता पुरेशी आहे. वस्तू शुक्र असेल, तर दोन्ही दिशा तंतोतंत एकच येतील आणि चौकशी तिथेच संपेल.

अडचणी दोन आहेत. पहिली वेळेची. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत एका सेकंदाचा फरक असेल, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात अडीचशे मीटर सरकलेले असते आणि जवळच्या वस्तूंचा हिशेब पार बिघडतो. उपग्रहांच्या संकेतांवरून घड्याळे जुळवता येतात, त्यामुळे ही अडचण आज पैशांची आहे, तत्त्वाची नाही. नासाच्या सोळा सदस्यीय गटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात अंशांकित उपकरणे आणि नोंदीसोबतची वेळ-स्थानाची माहिती यांवर एवढा भर दिला, तो यासाठीच.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. उल्केच्या जाळ्यांची संगणकप्रणाली विमाने, उपग्रह, पक्षी आणि ढग असे संथ सरकणारे बहुतेक सारे गाळून टाकण्यासाठीच घडवलेली असते, कारण ते सर्व साठवायचे म्हटले तर साठवण पुरत नाही आणि उल्काशास्त्रज्ञाला त्याचा उपयोगही नसतो. या धाग्याच्या विषयातील वस्तू, त्या काहीही असोत, त्याच गाळात जातात. तो गाळ काही महिने जपून ठेवायचा, विमानांचे मार्ग आणि उपग्रहांच्या कक्षा त्यातून वजा करायच्या आणि उरलेल्याचे दोन ठिकाणांहून अंतर काढायचे, एवढे काम एखाद्या अस्तित्वात असलेल्या जाळ्याला नवे कॅमेरे न लावताही करता येईल. त्यासाठी तो गाळ न फेकण्याचा निर्णय आधी घ्यावा लागेल, आणि ज्यांच्याकडे जाळी आहेत त्यांना हा विषय अजून आपला वाटत नाही.